म्हातारं मांजर दोन दिवस खातंय आणि तिसऱ्या दिवशी तोंड फिरवतंय, तर शोधायला सुरुवात कुठनं करायची

ज्यांच्या घरी बारा-पंधरा वर्षांचं मांजर आहे आणि त्यात त्याला किडनीचा नाहीतर थायरॉईडचा त्रास आहे त्यांना हा फेरा पाठ असणार. नवीन पाकीट आणलं की पहिले दोन दिवस ताटली चाटून साफ, आपण खूश, लगेच मोठं पाकीट मागवतो आणि ते घरात येऊन पडतंय तोवर म्हातारी नुसता वास घेऊन निघून जायला लागते. मग दुसरा ब्रँड, मग उकडलेलं चिकन, मग मासे, मग परत पहिलंच पाकीट. असे महिने जातात आणि मांजर मात्र वाळत जातंय.

आमच्या चिंगीचं हे सगळं झालंय, अजून अधूनमधून होतंय, आणि आता इथं कोल्हापुरात राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत ओळखीतलं कुणाचं मांजर जेवायचं बंद झालं की फोन येतात म्हणून एकदा सगळं सलग लिहून ठेवतोय. माझं म्हणणं एकच आहे. म्हातारं आजारी मांजर खात नाही तेव्हा त्याला नखरे म्हणू नका. बहुतेक वेळा त्याला मळमळतंय, तोंडात दुखतंय, नाक बंद आहे नाहीतर पोट साफ झालेलं नाही, आणि यातलं काय आहे ते कळल्याशिवाय पाकिटं बदलून काही होत नाही, उलट प्रत्येक नव्या पाकिटावर त्याचं मन उडतंय.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडं घरोघरी एक वाक्य ठरलेलं, "भूक लागली की खाईल, राहू दे." आजी म्हणते, काकू म्हणतात, सगळे म्हणतात, आणि माणसाच्या पोराच्या बाबतीत ते चालूनही जातं. मांजराच्या बाबतीत नाही. मांजर दोन-तीन दिवस नीट जेवलं नाही की अंगातली चरबी वितळून लिव्हरमध्ये जमायला लागते, लिव्हरला ती पेलत नाही, मग कावीळ होते आणि तिथनं परत आणणं फार अवघड. अंगानं भरलेल्या मांजराला हा धोका जास्त, म्हणजे "गुबगुबीत आहे, दोन दिवस नाही खाल्लं तर काय बिघडतंय" हे एकदम उलटं आहे. म्हणून चोवीस तास काहीच पोटात गेलं नाही तर डॉक्टरांना फोन, आणि दुसरा दिवस मावळायच्या आत दवाखाना. कानाची आतली बाजू किंवा हिरड्या पिवळट दिसल्या तर फोनात वेळ घालवू नका, सरळ घेऊन जा. डायबिटीस असलेलं मांजर जेवलं नसेल तर नेहमीचं इन्सुलिन टोचायच्या आधी डॉक्टरांशी बोला, आणि ते उलट्या करत मलूल पडलं असेल तर लगेच न्या.

आता बघायचं कसं. ताटली ठेवली आणि आपण दुसऱ्या कामाला लागलो असं करू नका, पाच मिनिटं थोडं लांब बसून बघा की ते नाही म्हणतंय ते कसं म्हणतंय. सगळा उलगडा तिथंच होतो.

मांजर ताटलीपाशी येतंय, वास घेतंय, ओठ चाटतंय, उगाच दोन-तीनदा घोट गिळल्यासारखं करतंय आणि मान फिरवून जातंय, किंवा ताटलीभोवती पंजानं फरशी उकरतंय जणू झाकून टाकायचंय, किंवा पाण्याच्या भांड्यापुढं अंग गोळा करून नुसतं बसून राहतंय, तर ही मळमळ आहे. किडनीच्या मांजरात हे फार कॉमन, कारण किडनीनं बाहेर टाकायची घाण रक्तात साठते आणि त्यानं मळमळायला लागतं. उलटी व्हायलाच पाहिजे असं नाही. कितीतरी मांजरं एकदाही न ओकता महिनोन्महिने मळमळत असतात आणि घरच्यांना वाटतं हे फार चोखंदळ झालंय. पहाटे उपाशीपोटी पांढरा नाहीतर पिवळा फेस ओकत असेल तर तोही याच खात्यातला, त्याला रात्री झोपायच्या आधी दोन घास दिले तर पुष्कळ वेळा फरक पडतो.

मळमळीवर औषधं आहेत. मॅरोपिटंट, ऑन्डान्सेट्रॉन ही नावं तुम्हाला डॉक्टरांच्या चिठ्ठीत दिसतील. पण ती मागायला आपल्याला आधी "मळमळतंय" हे सांगता आलं पाहिजे. नुसतं "खात नाही" म्हटलं की समोरून टॉनिक मिळतं, आणि मळमळणाऱ्या जीवाला भुकेचं टॉनिक देऊन काय होणार. म्हणून त्या ओठ चाटण्याचा, फरशी उकरण्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गेलं की मांजर टेबलावर दगडासारखं बसतंय, तिथं त्यातलं काहीही दिसत नाही. त्या व्हिडिओनं आमचं तरी अर्धं काम झालं.

दुसरा प्रकार. मांजर भुकेनं पळत येतंय, पहिला घास घेतंय आणि टाकतंय. मान तिरकी करून एकाच बाजूनं चावतंय, मध्येच पंज्यानं तोंड पुसतंय, लाळ गळतेय, कधी ताटलीवरच फिस्स करतंय. हे दातांचं. म्हाताऱ्या मांजरांचे दात मुळापाशी झिजून उघडे पडतात आणि ते भयंकर दुखतात, बाहेरून मात्र हिरडीवर लाल डाग एवढंच दिसतं. किडनी जास्त बिघडली असेल तर जिभेवर, गालात फोड पण येतात आणि तोंडाला अमोनियासारखा वास मारतो. असल्या मांजराला कडक दाणे घातले तर ते उपाशी राहणारच. दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ करा, पण तेवढ्यावर थांबू नका, तोंड तपासून घ्या. वय झालंय म्हणून भूल देता येत नाही असं ऐकून गप बसायचं नाही. रक्ताचे रिपोर्ट, बीपी आणि हृदय बघून ते ठरतं, नुसत्या वयावर नाही.

तिसरं नाक. मांजर चवीपेक्षा वासावर जास्त जेवतं. गोड चव तर त्यांना कळतच नाही, जिभेवर ती ओळखायची सोयच नाही. सर्दी झाली, नाक भरलं की समोर पापलेट ठेवलं तरी त्याला ते कळत नाही. कोमट पाण्यात कापूस भिजवून नाक पुसा, आंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये वाफ झालेली असते तिथं दहा मिनिटं घेऊन बसा. आणि आपला नेहमीचा कापूर-मेंथॉलचा बाम छातीला चोळायच्या भानगडीत पडू नका, कापूर मांजराला विष आहे.

चौथं म्हणजे पोट, आणि हे लोक विसरतातच. किडनीचं मांजर लघवीवाटे एवढं पाणी घालवतं की अंगात पाणीच उरत नाही, शी कडक होते, दोन-तीन दिवस होत नाही, आणि पोट तुंबलं की खाणं बंद. खाणं बंद म्हणून आपण पाकीट बदलतो! रेतीचा ट्रे रोज बघत जा. सुपारीसारखे कडक खडे पडत असतील तर कारण सापडलं. आणि ते भरपूर पाणी पितंय म्हणून निवांत राहू नका, एकदम पाणी प्यायला लागणं हीच तर किडनी, डायबिटीस नाहीतर थायरॉईडची पहिली खूण. कातडीखाली सलाईन देता येतं, डॉक्टर शिकवतात, घरी जमतं, सुई बघून घाबरायला होतं पण मानेमागची सैल कातडी उचलून दिलेली सुई मांजराला फारशी लागत नाही. आमची चिंगी सलाईन झाल्यावर थोड्या वेळानं स्वतः उठून ताटलीकडं जाते. किती द्यायचं ते मात्र डॉक्टरच सांगणार, कारण हृदय कमजोर असेल तर जादा पाणी फुप्फुसाजवळ साठतं. पोट साफ व्हायचं औषध पण त्यांनाच विचारून, घरातलं एरंडेल नको.

मान खाली लोंबकळायला लागली तर पोटॅशियम कमी पडलेलं असू शकतं. बुबुळं मोठी झालीत आणि भिंतीला धडकतंय तर बीपी वाढून नजर गेलेली असू शकते, म्हणजे त्याला ताटली दिसतच नाही. अशी नजर गेली तर तासाभराचाही उशीर नको. आणि भरपूर खाऊन पण वाळत चाललंय तर थायरॉईड आणि साखर दोन्ही तपासा.

आता किडनीचं खाणं. रॉयल कॅनिन रीनल म्हणा, हिल्सचं के/डी म्हणा, या खाण्यात फॉस्फरस कमी असतं आणि किडनीच्या मांजराचं आयुष्य वाढवणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यात हे खाणं येतं. म्हणून ते चालू व्हावं यासाठी धडपड करायलाच पाहिजे. पण होतं काय, रिपोर्ट येतो, डॉक्टर पाकीट लिहून देतात, आपण त्याच संध्याकाळी जुनं बंद करून नवं ठेवतो, आणि नेमकं तेव्हाच मांजराला सगळ्यात जास्त मळमळत असतं. त्याच्या डोक्यात बसतं की या वासानं पोटात ढवळतं, आणि ते खाणं मग कायमचं गेलं. आपल्याला तापात खाल्लेली भाजी वर्षभर नको वाटते तसंच आहे हे. म्हणून आधी मळमळ थांबवा, ते जुनंच खाणं बऱ्यापैकी खायला लागू दे, मग नव्याची सुरुवात. आठवड्यात बदला असं पाकिटावर लिहिलेलं असतं, म्हाताऱ्या मांजराला तीन-चार आठवडे नाहीतर त्याहून जास्त लागू देत. पहिले काही दिवस नवं खाणं वेगळ्या वाटीत शेजारी नुसतं ठेवायचं, वासाची ओळख होऊ दे. मग एक चमचा मिसळा. नाकारलं तर एक पाऊल मागं या. आणि शेवटी नाहीच खाल्लं तर जे खातंय ते खाऊ दे आणि फॉस्फरस बांधणारी पावडर त्यात मिसळता येईल का ते डॉक्टरांना विचारा. योग्य खाणं ताटलीत पडून राहण्यापेक्षा कमी योग्य खाणं पोटात गेलेलं बरं, किडनीच्या मांजरात सुद्धा.

एक नियम कधी मोडू नका. ही फॉस्फरसची पावडर जेवणाबरोबरच द्यावी लागते म्हणून ती सोडली तर कडू औषध जेवणात लपवायचं नाही. एकदा कडू लागलं की ते जेवण गेलं. गोळी वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी, जेवायच्या कोपऱ्यात नव्हे. गोळीनंतर सिरिंजनं थोडं पाणी द्या, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथं जखम करते आणि मग गिळताना दुखतं, परत खाणं बंद. माणसाची गोळी तर आपल्या मनानं कधीच नाही. ताप दिसतोय म्हणून क्रोसिन नाहीतर डोलोचा तुकडा दिला असं ऐकायला मिळतं, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

घरच्या खाण्याबद्दल जास्त लिहितो कारण कोल्हापुरात प्रश्न इथंच येतात. पांढऱ्या रश्श्यातला मटणाचा तुकडा मांजर मिटक्या मारत खाईल, वास भारीच असतो, पण त्यात कांदा-लसूण असतं आणि त्यानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. धुऊन दिलं तरी नको, रस आत मुरलेला असतो. किडनीच्या मांजराला पुष्कळदा आधीच रक्त कमी असतं त्यामुळं हे दुप्पट वाईट. रविवारी मटण करताना फोडणी पडायच्या आधी, मीठ-हळद लावायच्या आधी त्याचे दोन तुकडे बाजूला काढून साध्या पाण्यात शिजवा. ते शिजवलेलं पाणी पण द्या, वास त्यातच असतो आणि टॉरिन नावाचं जे मांजराला लागतंच ते पण पाण्यात उतरलेलं असतं. टॉरिन कमी पडलं तर डोळे जातात आणि हृदय मोठं होऊन ढिलं पडतं. हे हृदयाचं कारण १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं आणि तेव्हापासून कंपन्या खाण्यात टॉरिन वाढवून घालायला लागल्या. दूध-चपाती, दूध-भातावर मांजर जगतं असं वाटतं, खरं म्हणजे ते झिजत असतं.

दुधाचं सांगतो. गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दूध पिणारं आपलं गाव, मांजराला दूध नको म्हटलं की लोक माझ्याकडं बघत राहतात. पण मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि जुलाबानं किडनीच्या मांजराचं आणखी पाणी जातं. शिवाय दुधात फॉस्फरस असतंच.

लक्ष्मीपुरीतनं मासे आणत असाल तर उकडून, काटे काढून, जेवणावर चव लागण्यापुरते. कच्चे नको, काही कच्च्या माशांनी बी-वन व्हिटॅमिन नष्ट होतं. सुकट नाहीतर बोंबील द्यायचं झालं तर चिमूटभर, तेही पाण्यात भिजवून ते पाणी ओतून टाकून, कारण मीठ. कलेजी रोज नको, त्यात व्हिटॅमिन ए फार. अंड्याचं पांढरं शिजवून चालतं, त्यात फॉस्फरस कमी, पिवळ्यात जास्त. आणि फक्त चिकनवर कायमचं ठेवू नका, त्यात कॅल्शियम फारच कमी.

ज्यांच्या घरी नॉनव्हेज शिजत नाही, किंवा सोमवार-गुरुवार-शनिवार बंद, किंवा सगळा श्रावण पाळतात, त्यांची अडचण मला कळते, आमच्याकडं पण आईचे वार आहेत. मांजराला वार चालत नाहीत, त्याचं शरीर मांसावरच चालतं. अशा घरात ओल्या खाण्याचे पाऊच हा सगळ्यात सरळ मार्ग, भांडी वेगळी, ताटली वेगळी, स्वयंपाकघराच्या बाहेर. आई स्वतः आता पाऊच उघडून घालते.

आणि घालायची पद्धत. फ्रिजमधलं गार खाणं वास देत नाही, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, बोटाला जेमतेम ऊब लागेल एवढं. चमचाभरच घाला, संपलं तर परत, दिवसातनं पाच-सहा वेळा. खोल वाटीपेक्षा पसरट ताटली, आणि ती पाटावर ठेवा, म्हाताऱ्या मानेला खाली वाकायला त्रास होतो. दुसरं तरुण मांजर घरात असेल तर म्हातारीला वेगळ्या खोलीत दार लावून, कारण ती भांडत नाही, गप उठून जाते आणि आपल्याला वाटतं तिचं झालं. उन्हाळ्यात ओलं खाणं तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. पावसाळ्यात दाणे सादळतात, तेलाला खवट वास येतो, आपल्याला कळायच्या आधी मांजराला कळतो, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा आणि लहान पाकीटच घ्या.

वजन दर आठवड्याला, त्याच वाराला, त्याच काट्यावर आणि लिहून. काटा छोट्या फरकाचा पाहिजे, बाळाचा असतो तसला. चार किलोच्या मांजराचं दोनशे ग्रॅम गेलं तर ते पाच टक्के, चारशे गेलं तर दहा, आणि अंगावर केस असल्यामुळं डोळ्याला यातलं काही दिसत नाही. साधारण चार किलोच्या मांजराला दिवसाला दोनशे कॅलरीच्या आसपास लागतात, पाकिटामागं आकडा असतो, मोजून बघा म्हणजे "थोडं थोडं खातंय की" म्हणजे नक्की किती ते समजेल.

सगळं करून पण खात नसेल तर भूक वाढवणारं मिर्टाझापिन आहे, पण किडनीचं मांजर ते सावकाश बाहेर टाकतं त्यामुळं डोस आणि अंतर डॉक्टरच ठरवणार, जास्त झालं तर रात्रभर ओरडत फिरतं. सिरिंजनं भरवायची वेळ आली तर मांजर पोटावर सरळ बसलेलं, तोंडाच्या बाजूनं, अगदी थोडं थोडं आणि मान कधी मागं करू नका, फुप्फुसात जातं. झटापट होत असेल तर बंद करा. मानेतनं अन्ननलिकेत नळी बसवता येते, ऐकायला भीषण वाटतं पण मांजर ती घेऊन निवांत फिरतं, औषध-पाणी-खाणं सगळं नळीतनं जातं आणि तोंडानं खायची जबरदस्ती संपते. याबद्दल डॉक्टरांना अगदी शेवटी विचारू नका, अंगात ताकद असताना विचारा.

आणखी दोन गोष्टी फक्त आपल्या गावच्या. गणपतीत मिरवणुकीच्या रस्त्याजवळ राहत असाल तर डॉल्बी सुरू व्हायच्या आधीच आतल्या खोलीत ट्रे, पाणी आणि ताटली लावून ठेवा, म्हातारं मांजर घाबरून पलंगाखाली गेलं की दिवसभर बाहेर येत नाही आणि एवढ्या उपवासानं पण त्याची गाडी घसरते. आणि पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पुणे-बेंगळुरू हायवे पाण्यानं बंद पडला, ऑनलाईन मागवलेलं काही आलं नाही, नळाला पाणी नव्हतं. किडनीचं खाणं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. तेव्हा जून संपायच्या आत महिनाभराचे पाऊच, औषधं, सलाईनच्या बाटल्या आणि सुया घरात आणून ठेवा, वरच्या मजल्यावर ठेवा, आणि बास्केट, रिपोर्टची झेरॉक्स, वजनाची वही एकाच पिशवीत.